उद्या उमलणारी कळी

डे लिलीच्या दांड्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास नीट पाहिलं, तर उद्या कोणती कळी उमलणार ते सांगता येतं. बाकीच्या कळ्या हिरव्या आणि घट्ट असतात, कोवळ्या भेंडीच्या टोकासारख्या. उद्याची कळी फुगलेली असते, हिरवा रंग मागे सरून तिच्यावर फुलाच्या खऱ्या रंगाची झाक चढलेली असते आणि टोकाशी पाकळ्यांच्या कडा जराशा सुटल्यासारख्या दिसतात. सकाळी सहाला पाहावं तर ती अर्धी उघडलेली. आठपर्यंत तळहाताएवढं फूल पुरतं पसरतं. बाहेर तीन निदलं, आत तीन पाकळ्या, गळ्याशी पिवळसर हिरवी झाक, तिथून वर वाकलेले सहा पुंकेसर आणि त्यांच्याही पुढे गेलेला एकच लांब स्त्रीकेसर. दिवसभर ते फूल तसंच राहतं. अंधार पडला की मिटू लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी ओल्या कागदाच्या बोळ्यासारखं काहीतरी लोंबत असतं. त्याच दांड्यावर, दोन बोटांच्या अंतरावर, दुसरी कळी उघडलेली असते.

ही पुस्तिका त्या फुलाची आहे, पण फुलापेक्षाही त्याच्या गड्ड्याची अधिक आहे. पुण्यात आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे गेली एकोणीस वर्षं मी डे लिली लावते आहे. त्यातली पहिली सहा वर्षं हिरवंगार रान माजायचं आणि फुलं मात्र बोटांवर मोजण्याइतकी यायची. मला पहिलं रोप देणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, लावून विसरून जा. ही मरत नाही." त्यांचं म्हणणं खरंच होतं. ती मरत नव्हती. पण झाड न मरणं वेगळं आणि फुलणं वेगळं. ही मरत नाही म्हणूनच आपण तिच्याकडे पाहत नाही, आणि फुलली नाही की 'आपल्या हवेत हे व्हायचं नाही' म्हणून सोडून देतो.

दुसरीकडे, हाताला लागलेली पुस्तकं सगळी इंग्लंड-अमेरिकेतली होती. बर्फ पडण्याआधी काय करायचं, बर्फ वितळल्यावर काय करायचं, याची बारीकसारीक माहिती त्यांत होती. त्या लेखकांनी आपापल्या अंगणात पाहिलेलं प्रामाणिकपणे लिहिलं आहे, चूक त्यांची नाही. पण आपल्याकडे या झाडाचा कठीण काळ हिवाळा नाही, पावसाळा आहे. एवढी एक गोष्ट समजायला मला सहा वर्षं लागली, आणि समजल्यावर लावणी, खत, पाणी, विभागणी यांचं सगळं वेळापत्रक नव्याने मांडावं लागलं. तेच वेळापत्रक पुढच्या पानांवर आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. नर्सरीत जाऊन "लिली द्या" म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नसतो. पहिल्या पावसानंतर गुलाबी-पांढरी फुलणारी रेन लिली, लांब पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी येणारी फुटबॉल लिली, लग्नाच्या पुष्पगुच्छांत घालतात ती मोठी लिली आणि डे लिली, सगळ्यांना हाक एकच. यातल्या पहिल्या चारही कांद्यातून येतात. डे लिलीला कांदा नसतो. तिची लांबट पानं जमिनीतूनच हातपंख्यासारखी दोन बाजूंना पसरून येतात, म्हणून आम्ही त्या जुडीला पंखाच म्हणतो. खाली शतावरीसारख्या फुगीर, फिकट मुळ्या असतात. पंखा आणि मुळ्या जिथे मिळतात तो पांढरट बुडखा म्हणजे या झाडाचा जीव. पुढे जे काही सांगितलं आहे ते बहुतेक त्या बुडख्याला जपण्याविषयीच आहे.

लिनियसने १७५३ मध्ये या गणाला हेमेरोकॅलिस हे नाव दिलं. ग्रीक भाषेतले 'दिवस' आणि 'सौंदर्य' हे दोन शब्द त्यात जोडले आहेत. जुन्या पुस्तकांत ही लिलीच्या कुळात सापडेल. नव्या वर्गीकरणाने तिला तिथून काढून अ‍ॅस्फोडेलेसी या कुळात बसवलं आहे, आणि त्याच कुळात आपली कोरफडही आहे. मला हे नातं फार आवडतं, कारण ते उपयोगाचं आहे. कोरफडीप्रमाणे हीसुद्धा आपल्या शरीरात पाणी साठवते, फक्त पानांत न साठवता मुळ्यांत साठवते. आठवडाभर पाणी चुकलं तर ती माफ करते. आठवडाभर बुडखा पाण्यात राहिला तर करत नाही.

"एकच दिवस? मग लावायची कशाला?" हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं. मराठी घरात हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं. जास्वंद किती दिवस टिकते? प्राजक्त तर सकाळ उजाडेपर्यंतही झाडावर थांबत नाही. गोकर्ण, सोनटक्का, सगळी एका दिवसाची. सकाळी परडी घेऊन अंगणात जायचं आणि आजची फुलं आजच देवाला वाहायची, यातच आपल्या फुलांच्या ओळखीची सुरुवात झालेली असते. आठवडाभर फुलदाणीत टिकणाऱ्या फुलावरून बाग मोजण्याची सवय आपली नव्हती, ती नंतर लागली. डे लिलीचा हिशोब जास्वंदीच्या हिशोबाने करावा. एका दांड्यावर पंधरा कळ्या आणि चांगल्या जुन्या गड्ड्यातून आठ दांडे आले, तर एकशे वीस फुलं झाली. ती तीन-चार आठवड्यांत वाटून येतात. काही जाती विसावा घेऊन पुन्हा दांडे काढतात.

या फुलाचं मूळ घर पूर्व आशियात आहे: चीन, कोरिया, जपान. चीनमध्ये तिला शुएनत्साओ म्हणतात, आणि काळजी विसरायला लावणारी वनस्पती अशी तिची ख्याती आहे. 'शी जिंग' या अतिप्राचीन चिनी काव्यसंग्रहात नवरा लढाईवर गेलेली एक स्त्री घरामागे लावायला अशी वनस्पती शोधते आहे, आणि परंपरेने ती डे लिलीच मानली जाते. पुढे ही आईची खूण झाली. घराच्या उत्तरेकडच्या दालनात आईचा वावर, त्या दालनापुढे ही फुलं, आणि त्यावरून आईचा आदराने उल्लेख करण्यासाठी या वनस्पतीच्या नावाचा दालनवाचक शब्दच रूढ झाला. आपल्या अंगणातली तुळस आणि घरातली बाई यांचं जे नातं, त्याच्या जवळपासचं काहीतरी हे आहे.

चिनी स्वयंपाकघरात तर ती आजही रोजची आहे. तिथे मुख्यतः हेमेरोकॅलिस सिट्रिना ही लिंबासारख्या पिवळ्या, सुवासिक फुलांची जात लावतात. ती संध्याकाळी उमलते आणि अंधारात येणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी रात्रभर उघडी राहते. शेतकरी तिच्या कळ्या उमलण्याआधी खुडतात, वाफवतात, वाळवतात. वाळलेल्या कळ्यांना 'सोन्याच्या सुया' म्हणतात, आणि रश्शात, परतून केलेल्या भाज्यांत त्या भिजवून घालतात. हादग्याची फुलं, शेवग्याची फुलं, केळफूल खाणाऱ्या आपल्या माणसांना यात परकं काही वाटू नये. पण खुडणाऱ्याच्या नजरेचा विचार करा. शेकडो कळ्यांतून आज उमलणारी नेमकी ओळखायची, ती उमलायच्या आत काढायची आणि उद्याची दांड्यावर ठेवायची. संध्याकाळी मी जे कौतुकाने पाहते ते त्या माणसाचं पोटापाण्याचं कौशल्य आहे. (आपल्या बागेतल्या शोभेच्या जाती मात्र खाण्याच्या भानगडीत पडू नका. नर्सरीतल्या रोपांवर काय फवारलेलं असतं ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि 'लिली' नावाच्या इतर वनस्पतींत विषारीही आहेत.)

युरोपात ती सोळाव्या शतकात पोचली होती. तिथून अमेरिकेत गेलेली नारिंगी डे लिली तिथल्या रस्त्यांच्या कडेला, चरांमध्ये, पडक्या घरांच्या अंगणांत इतकी पसरली की अनेकांना ती तिथलीच रानफुलं वाटतात. गंमत अशी की या नारिंगी जातीला, 'युरोपा' म्हणतात तिला, सहसा बीच धरत नाही. ती त्रिगुणित आहे. साध्या डे लिलीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एकूण बावीस. हिच्यात तीन, म्हणजे तेहतीस, आणि तीन संचांची बीज तयार होताना नीट वाटणी होत नाही. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. आपण खातो ती बहुतेक केळीही त्रिगुणित आहेत. म्हणूनच केळ्यात बी नसतं आणि केळीची बाग मुनव्यांवर वाढते. युरोपाचंही तसंच. जगभर जी आहे ती गड्ड्याचे तुकडे करून, या अंगणातून त्या अंगणात, हातोहात गेलेली आहे.

विस्कॉन्सिनमधल्या एका मुलाने आईच्या बागेतल्या या नारिंगी फुलांना शेंगा का येत नाहीत, असा प्रश्न लहानपणीच मनात धरला. त्याचं नाव आर्लो बर्डेट स्टाउट, जन्म १८७६. पुढे १९११ मध्ये तो न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये रुजू झाला आणि तो प्रश्न त्याने पुढची कित्येक दशकं सोडला नाही. चीनमध्ये काम करणाऱ्या आल्बर्ट स्टीवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला तिकडच्या रानटी जातींची रोपं आणि बी पाठवलं. तोवर बागेत होते ते फक्त पिवळे आणि नारिंगी रंग. स्टाउटने पिढ्यामागून पिढ्या संकर करत गडद लाल रंगापर्यंत मजल मारली. 'थेरॉन' नावाचं त्याचं लाल फूल आणि त्याचं 'डेलिलीज' हे पुस्तक, दोन्ही १९३४ सालची. आज जांभळी, गुलाबी, मलईसारखी, दुहेरी पाकळ्यांची, काठाला झालर असलेली जी फुलं आपण चित्रांत पाहतो, त्यांच्या वंशावळीत मागे गेलं की त्या माणसाचं बाक आणि त्याच्या नोंदवह्या भेटतात. त्याच्या नावाचं पदक आजही दरवर्षी एका जातीला मिळतं. मला त्याच्या फुलांइतकंच त्याच्या चिकाटीचं अप्रूप आहे. आईच्या अंगणातल्या एका साध्या निरीक्षणावर माणसाने आयुष्य लावलं.

डे लिलीच्या संकरातल्या यानंतरच्या उडीत नकळत आपल्या सह्याद्रीतली एक ओळखीची वनस्पती डोकावते. श्रावणात कोकणच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष असतं. युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडातही तेच असतं, आणि त्या झाडावरूनच या विषाचं नाव पडलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारी जी तंतूंची रचना असते ती कोल्चिसिनमुळे तयार होत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात आणि एकाच पेशीत राहून जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या संकर करणाऱ्यांनी डे लिलीवर हा प्रयोग केला आणि चार संचांच्या, चव्वेचाळीस गुणसूत्रांच्या जाती तयार केल्या. यांच्या पाकळ्या जाड, दांडे मजबूत आणि रंग गडद असतात. घरच्या माळ्याला यातून एवढं लक्षात ठेवायचं आहे की दोन संचांची आणि चार संचांची जात एकमेकींना सहसा बी धरत नाहीत. संकर फसला की आधी हेच तपासा.

१९४६ साली आयोवातल्या शेनँडोआ या गावी, हेलन फील्ड फिशर या रेडिओवरून बागकाम सांगणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने डे लिली लावणारी माणसं जमली आणि त्यातून तिकडची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या नोंदणीत आज एक लाखाहून अधिक जातींची नावं आहेत. यातली फार मोठी संख्या व्यावसायिकांनी नव्हे, परसात दोन-चार वाफे असणाऱ्या हौशी माणसांनी केलेली आहे. 'स्टेला डी ओरो' ही छोटी सोनेरी, पुन्हापुन्हा फुलणारी जात वॉल्टर जाब्लॉन्स्की यांनी इंडियाना राज्यात तयार करून १९७५ मध्ये नोंदवली. स्टाउट पदक तिला १९८५ मध्ये मिळालं, आणि आज ती जगातल्या सर्वांत प्रसिद्ध डे लिलींपैकी एक आहे.

पण या एक लाखात आपल्यासाठी किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझी फसगत तिथेच झाली. डे लिलीचे हिवाळ्यातल्या वागणुकीवरून तीन गट पडतात. काही जातींची पानं थंडीत पूर्ण वाळून जातात आणि झाड जमिनीखाली झोपतं. काहींची अर्धवट वाळतात. काही बारमाही हिरव्या राहतात. पहिल्या गटातल्या अनेक जातींना ती झोप हवीच असते, ती मिळाली नाही तर त्या थकत जातात. मी थंड प्रदेशातल्या एका नर्सरीतून आठ रोपं मागवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, माती झटकलेल्या, टवटवीत मुळ्या आल्या. प्रत्येकीवर रंग लिहिलेला होता, गट लिहिलेला नव्हता, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी झकास फुलली. दुसऱ्या वर्षी निम्मी. तिसऱ्या वर्षी आठांतली पाच नुसतीच पातळ पानं काढत राहिली, आणि मी मातीला दोष देत खत वाढवत राहिले. पुण्याच्या चार थंड आठवड्यांत त्यांची झोप होत नव्हती. म्हणून या पुस्तिकेतली पहिली आणि सर्वांत ठाम सूचना हीच आहे: घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात किंवा गोव्यात लावणार असाल, तर विकणाऱ्याला रंगाच्या आधी गट विचारा. बारमाही हिरवी असेल तर डोळे मिटून घ्या. थंडीत झोपणारी असेल, तर कितीही देखणी असो, एकच रोप घेऊन दोन वर्षं पाहा.

आता मातीकडे येते. डे लिलीला सहा ते साडेसहा सामू असलेली, भुसभुशीत, निचरा होणारी माती आवडते. पुण्याकडची काळी माती आणि बोअरचं जड पाणी या दोन्हींचा कल विम्लाकडे आहे, म्हणून पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. शेणखत, कुजलेला पालापाचोळा आणि साठवलेलं पावसाचं पाणी, हे उपाय संथ आहेत पण पक्के आहेत. अशा मातीत चुलीची राख टाकू नका, ती आणखी विम्ल होईल. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीचा सामू या झाडाला मानवणारा असतो, तिथे प्रश्न फक्त पावसाच्या माऱ्याचा.

लावताना खड्ड्याच्या तळाशी मातीची लहानशी ढिगुळी करायची, तिच्यावर बुडखा टेकवून मुळ्या चारी बाजूंनी उतरवायच्या, पंगतीला बसल्यासारख्या, एकमेकींना जागा देऊन. मग माती लोटायची. बुडख्यावर एक इंचापेक्षा जास्त माती नको. हा इंच मी फार वर्षं दुर्लक्षिला. रोप पडू नये म्हणून खोल दाबायची आपल्याला सवय असते. खोल लावलेली डे लिली जगते, पानं काढते, आणि फुलत नाही. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा, पहिल्या वर्षी जागा रिकामी वाटली तरी. गच्चीवर बारा इंचांच्या कुंडीत एक रोप, त्याहून लहान कुंडी नको.

ऊन दिवसाचे सहा तास तरी हवं, यात तडजोड नाही. फक्त गडद लाल आणि जांभळी फुलं आपल्या एप्रिलच्या दुपारी उष्णता शोषून वितळल्यासारखी होतात, त्यांना दुपारनंतर सावली येईल अशी पूर्वेची जागा द्या. पिवळी, केशरी, मलईच्या रंगाची फुलं दिवसभराच्या उन्हातही तग धरतात.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या हवेतली डे लिली जाते ती बहुधा याच चार महिन्यांत. एका श्रावणात माझ्या सर्वांत जुन्या गड्ड्यातला मधला पंखा पिवळा पडलेला दिसला. वाळलेलं पान काढावं म्हणून हलकेच ओढलं, तर अख्खा पंखा हातात आला. बुडाशी मुळी नव्हतीच, तपकिरी गिळगिळीत लगदा होता आणि त्याला कुजलेल्या बटाट्याचा वास येत होता. उष्ण, ओली, कोंडलेली माती मिळाली की बुडखा असा सडतो, आणि बाहेरून दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं. त्या दिवशी भर पावसात गड्डा उपटला, पाण्याने धुतला, सडलेला भाग पांढरा, कडक गर लागेपर्यंत कापला आणि उरलेले चार तुकडे पडवीत वर्तमानपत्रावर दोन दिवस सुकवले. ते आजही आहेत, पण गादीवाफ्यावर.

गादीवाफा हाच उपाय आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सात-आठ इंच उंच, मातीत जाड वाळू आणि विटांचा बारीक चुरा मिसळलेला. उन्हाळ्यात मुळ्यांवर पाचोळ्याचं आच्छादन फार चांगलं, पण मृगाआधी ते बुडख्यापासून वीतभर मागे ओढायलाच हवं. जूनपासून खत बंद. वाळलेली पानं आणि फुलून गेलेले दांडे बुडापासून काढून टाका, म्हणजे वारा खेळेल. गोगलगायी पाचोळ्याखाली दडतात, त्या संध्याकाळी हाताने वेचाव्यात, दुसरं काही लागत नाही.

पाऊस सरला, हवा जरा कोरडी झाली की तिचं आपल्याकडचं खरं नवं वर्ष सुरू होतं. दिवाळीच्या आसपास विभागणी करा. तीन ते पाच वर्षांत गड्डा इतका दाटतो की मधले पंखे उपाशी राहतात आणि फुलं कमी होतात. कुदळीने लांबून उपटा, पाईपने माती धुऊन काढा, मग हाताने हलवत हलवत पंखे सुटे करा. घाई केली तर मुळ्या तुटतात. दोन-तीन पंख्यांचा एकेक तुकडा, पानं वीतभर ठेवून कापलेली. शेणखत याच वेळी. मग फेब्रुवारीच्या शेवटी दांडे दिसू लागेपर्यंत बेताचं पाणी, आणि दांडे दिसल्यावर मात्र पाण्यात हयगय नको, नाहीतर कळ्या न उमलताच गळतात. नत्राचं खत भरमसाट घातलं तर पानंच पानं, हे गुलाब लावणाऱ्यांना सांगायला नको.

किडींवर वेगळं प्रकरण आहे, इथे दोनच गोष्टी. फुलकिडे कळीतच रस शोषतात, म्हणून फुलावर पांढरट चट्टे दिसले तर इलाज कळीच्या वेळी करायचा असतो. पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा आहे. ती पानं कापून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नाही.

आणि घरात मांजर असेल तर हे झाड लावू नका. यात मी कोणतीही सवलत देणार नाही. डे लिलीचं पान, फूल, अगदी अंगाला लागून चाटलेले परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्यायला हवं.

बी धरण्याचं प्रकरण शेवटी आहे आणि ते मी सर्वांत आनंदाने लिहिलं. सकाळी, ऊन तापायच्या आत, एका फुलाचा पुंकेसर खुडायचा आणि दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकाला त्याचे परागकण टेकवायचे. देठाला दोरा बांधून दोघांची नावं लिहायची. जमलं तर फूल गळून मागे हिरवी गाठ राहते आणि साधारण दीड-दोन महिन्यांत शेंग वाळून वरून तडकते. आत काळेभोर, चकचकीत दाणे असतात. एकाच शेंगेतल्या दोन दाण्यांची फुलं सारखी येत नाहीत. रोपाला पहिली कळी यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि त्या कळीच्या आदल्या संध्याकाळी उद्याचा रंग कोणता असेल हे जगात कोणालाही ठाऊक नसतं.

पुस्तिकेच्या शेवटी कोरी पानं ठेवली आहेत, ती भरली जावीत अशी माझी मनापासून विनंती आहे. मी जे लिहिलं ते एका गावातल्या एका परसाचं आहे. नागपूरच्या उन्हात कोणत्या रंगाने तग धरला, रत्नागिरीच्या पावसात कोणता गड्डा वाचला, मडगावात दुसऱ्यांदा दांडे कधी आले, हे तिथल्या माणसाने लिहिल्याशिवाय कळणार नाही. फार काही लागत नाही. तारीख, जागा, पंखे किती, दांडे किती, कळ्या किती. नमुन्यादाखल माझ्या वहीतली एक नोंद देते:

'१२ एप्रिल. पूर्वेचा गादीवाफा, पिवळी. नऊ पंखे, तीन दांडे. पहिल्या दांड्यावर अकरा कळ्या. एक उद्या.'